जमना, तू फिरायला गेली होतीस

जमना,

तुझ्या मृत्यूचा दाखला मंगळवारी दुपारी आला. शाळेच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर मीच तो काढला. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजीचा एकेक शब्द मोबाइलवर तपासून घेतला. मरणाचं कारण, हृदय बंद पडलं. व्यवसायाच्या रकान्यात आडवी रेघ. वय अठ्ठावीस.

ते अठ्ठावीस माझ्या हातचं आहे. शाळेच्या दाखल्यावर मी जी जन्मतारीख उतरवून दिली, ती तुझ्या पासपोर्टवर गेली. पासपोर्टवरून मस्कतच्या दवाखान्यात गेली आणि तिथून माझ्याच टेबलावर परत आली. मी तो कागद फाइलला लावला, पंच मारला, दोरी ओवली. मग मला कळलं, की मी हे रोजच्यासारखंच करतेय. मी उठून बाहेर गेले.

आपण दोघी जन्मभर आपल्या डोंगरातल्या बोलीत बोललो. हे मी शाळेच्या मराठीत लिहितेय, कारण लिहिता मला तीच येते. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "उषा, हे काय, मला अर्ज लिहितेयस का?"

आपण एकाच दिवशी आश्रमशाळेत आलो. तू तुझ्या आईचं बोट धरून, मी बापाच्या खांद्यावर. गुरुजी रजिस्टर उघडून बसले होते. त्यांनी तुझ्या आईला विचारलं, पोरगी कधीची? तुझी आई म्हणाली, हिच्या मामाचं लग्न झालं त्याच्या आधीची. गुरुजींनी माझ्या बापाला विचारलं. तो म्हणाला, त्या सालची, ज्या साली मोहाला फूलच धरलं नाही. गुरुजी हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी आपल्या दोघींच्या नावापुढे एक जून लिहिलं. त्या दिवशी आलेल्या सगळ्या पोरांच्या नावापुढे एक जूनच लिहिलं आणि दात बघून साल टाकलं. तुझे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यावरून तुझं साल ठरलं आणि पाठोपाठ माझ्या नावापुढेही तेच पडलं. माझा मात्र एकही दात अजून पडला नव्हता. मी तुझ्याहून नक्की लहान होते. तू उंचीला माझ्यापेक्षा वीतभर जास्त होतीस आणि लहान भावाला कडेवर घेऊन घेऊन तुझी कंबर तेव्हाच एका बाजूला झुकलेली होती.

हॉलमध्ये आपण एका सतरंजीवर झोपायचो. पहिल्या पावसाळ्यात मला हिवताप चढला, तेव्हा अधीक्षक बाजाराला गेले होते. तू कुणाला न विचारता निघालीस आणि नाले ओलांडत माझ्या गावी पोचलीस. माझ्या बापाला घेऊन संध्याकाळी परत आलीस. अधीक्षकांनी तुला न विचारता गेली म्हणून छडी मारली. तू हात पुढे केलास, मार खाल्लास आणि माझ्या शेजारी येऊन बसलीस. मी बरी झाल्यावर विचारलं, लागलं का? तू म्हणालीस, "लागलं ना. पण तू मेली असतीस तर सतरंजी एकटीला मोठी झाली असती."

दिवाळीच्या सुट्टीत तू घरी जायचीस आणि होळीपर्यंत तुझा पत्ता नसायचा. तुझं सगळं घर ऊसतोडीला गुजरातमध्ये जायचं आणि तुलाही घेऊन जायचं. होळीला परत आलीस की तुझ्या तळव्यांना उसाच्या पाचटाचे काप असायचे. मी तुला चार महिन्यांचा अभ्यास सांगायचे आणि तू ऐकता ऐकता झोपून जायचीस. नववी झाली आणि तू परत आलीच नाहीस. मी मात्र दहावी झाले, बारावी झाले, टायपिंग शिकले. मला नंदुरबारला मुलाखतीला बोलावलं तेव्हा माझ्याकडे धड चप्पल नव्हती. तू बारडोलीहून नवी घेतलेली चप्पल काढून माझ्या पायात घातलीस. ती मला सैल व्हायची. बोटं आवळून चालत मी त्या साहेबांसमोर गेले. त्या चपलेवर चालत जाऊन मला आपल्याच आश्रमशाळेत ही कारकुनाची नोकरी लागली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत होतंच, असं मी धरून चालले.

मग तुझं लग्न झालं, रोशनी झाली. रोशनी तीन वर्षांची असताना तुझा नवरा ऊसतोडीच्या मुक्कामावर, पडावावरच दुसऱ्या बाईबरोबर राहिला, परत आलाच नाही. तू दोन दिवस रडलीस आणि तिसऱ्या दिवशी आमचुरासाठी कैऱ्या सोलायला बसलीस. तुझ्याइतक्या भराभर कैरी सोलणारी बाई आपल्या सगळ्या पाड्यांत नव्हती. चिकानं बोटं काळी व्हायची, कातडी फुटायची. मी शेजारी बसून एक कैरी सोलेपर्यंत तुझ्या पाच व्हायच्या. "नोकरी लागली आणि हात मेले तुझे," तू म्हणायचीस.

पुढच्या साली तू भावाच्या जोडीला ऊस तोडायला, कोयत्यावर गेलीस आणि रोशनी पडावावर राहिली. उसाच्या भरल्या बैलगाडीचं चाक तिच्या पायाजवळून गेलं. पाय वाचला. पण त्या दिवशी तू ठरवलंस, की पोरीला परत उसावर न्यायचं नाही.

मी तुला सांगितलं, पोरगी आश्रमशाळेत ठेव, मी आहे. तू ठेवलीस. आणि मग म्हणालीस, "आता मला अशा जागी जायचंय, जिथून परत आल्यावर पुन्हा जावं लागणार नाही."

खापर गावच्या बाजारात तुला एक बाई भेटली होती. दोन वर्षं मस्कतला घरकाम करून आलेली. तिनं पक्कं घर बांधलं होतं, दारात हातपंप घेतला होता. तिच्याकडून तुला माणसं आखातात पाठवणारा एजंट मिळाला, शहाद्याकडचा.

बाजाराच्या दिवशी तू ऑफिसात आलीस. बाकी कुणी नव्हतं. तू खुर्चीवर न बसता माझ्या टेबलाला टेकून उभी राहिलीस.

"ते मोठं रजिस्टर तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे. का?"

"त्यात माझी तारीख बदल. चार वर्षं मागे घे."

मी हसले. तू हसली नाहीस. मग तू सांगितलंस. दहावी झाली नसेल, तर पासपोर्टवर एक नोंद पडते. आखातातल्या देशांत कामाला जाताना अशा माणसाला सरकारची परवानगी काढावी लागते. आणि बाई असेल तर तीस वर्षं पूर्ण लागतात, त्याच्या आत परवानगीच मिळत नाही. तू रजिस्टरप्रमाणे सव्वीस होतीस.

"परवानगीनं गेले तर करार होतो," तू म्हणालीस. "विमा निघतो. कुणाच्या घरी गेले, ते सरकारच्या कॉम्प्युटरवर राहतं. त्या बाईनं सगळं सांगितलंय मला. मला नीट जायचंय, उषा. चोरून नाही जायचं."

"मग थांब चार वर्षं."

"रोशनी थांबेल का?"

"दहावी दे. दहावी झालीस तर ही वयाची भानगडच राहत नाही."

हे बोलायला नको होतं. आदल्याच वर्षी मी तुला बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला होता. परीक्षा मार्चात आणि ऊस होळीपर्यंत. मुकादमानं तुला सोडलं नाही. तू ट्रक बदलत बदलत आलीस ती इंग्रजीचा पेपर झाल्यावर दुसऱ्या दिवशी.

"तुझे फॉर्म राहू दे," तू म्हणालीस. "तारीख बदलतेस का सांग."

"माझी नोकरी जाईल."

"ती तारीख खरी आहे का? माझे दात बघून लिहिली गुरुजींनी. मामाच्या लग्नाआधी झाले मी. मामाचं लग्न कधी झालं, ते मामालाही माहीत नाही. मी तीस असेन. एकतीस असेन. तू नाही म्हणून सांगू शकतेस का?"

मी सांगू शकत नव्हते. पण मी म्हणाले, "नियम तुझ्या भल्यासाठी आहे, जमना. कमी वयाच्या बायकांचे तिकडे हाल होतात म्हणून केलाय."

तू टेबलापासून सरळ झालीस. मग म्हणालीस, "आठ वर्षांची होते तेव्हापासून गुजरातमध्ये मोळ्या बांधल्या. तेव्हा कुणी आलं वय विचारायला? पंधराव्या वर्षी कोयता धरला. तेव्हा आलं कुणी? आज मी पोरीची आई आहे, आणि आज तुम्ही मला सांगता की मी लहान आहे."

'तुम्ही' म्हणालीस तू मला. सरकार आणि मी, दोघांना मिळून.

मी रजिस्टर कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. तुझ्यासमोर किल्ली लावायची गरज नव्हती. तू काही ते हिसकावून घेणार नव्हतीस. तू बाजाराकडे निघून गेलीस.

का नाही म्हणाले, ते मी तुझी बातमी आल्यापासून या नऊ दिवसांत पुष्कळदा विचारलं स्वतःला. नोकरीची भीती होती, ती खरीच. खाडाखोड करू नये, असं मनापासून वाटायचं, तेही खरं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. मला तू जायला नको होतीस. तू स्वतःच जायला नाही म्हणावंस इतकं मी तुला धरून ठेवू शकत नव्हते, म्हणून मी नियमाला पुढे केलं. मला वाटलं, नियम तुला थांबवेल. नियमानं तुला थांबवलं नाही. त्यानं फक्त तुला पुढच्या दारातून जाऊ दिलं नाही.

महिनाभरानं तू शाळेत आलीस, रोशनीला भेटायला. मला म्हणालीस, जातेय. एजंटनं फिरायला जाण्याचा व्हिसा काढलाय. त्याला परवानगी लागत नाही, वय लागत नाही, करारही नसतो. तिकडे गेल्यावर घरमालक सगळं करून घेतो म्हणे.

खापरच्या फाट्यावर मी तुला सोडायला आले होते. सुरतेची गाडी यायची होती. तो एजंट पानटपरीशी उभा होता. मी त्याला विचारलं, कागद काय काय आहेत? तो म्हणाला, "ताई, तुमी कायजी करू नका. मी शे ना. तठे फक्त घरकाम शे, बठ्ठं मी पाही लिसु." सगळं तो बघून घेणार होता. मग तुझ्याकडे वळून म्हणाला, "विमानतळवर इचारं, कथी चालनी, ते काय सांगशी?"

"फिरायला," तू म्हणालीस.

"हसू नको. हसीसन सांगं ते त्यास्ले शक येस."

तो वळल्यावर तू माझ्या कानाशी आलीस. "उषा, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारणार, कुठे चाललीस. आणि मी सांगणार, फिरायला!" तुला हसू आवरेना. मलाही आवरेना. दोघी पदर तोंडाला लावून हसत होतो, तेवढ्यात गाडी आली. मिठी मारायची राहिली. आपल्यात मारतही नाहीत, पण त्या दिवशी मारायला हवी होती.

पहिले काही महिने बरे गेले असंच मी म्हणेन, कारण तू तसंच सांगायचीस. शुक्रवारी दुपारी ती माणसं बाहेर गेली की तू गच्चीवरून व्हिडिओ करायचीस. मागे पांढरी घरं, एकही झाड नाही. तू अरबी शब्द शिकवायचीस रोशनीला. पाणी म्हणजे मोया, भाकरी म्हणजे खुब्ज. रोशनी ते शब्द जेवणाच्या रांगेत ओरडायची आणि पोरं हसायची. तू म्हणायचीस, इथे मिरची मिळते, पण आपल्यासारखी नाही. नुसती लाल. पासपोर्ट त्यांनी पहिल्याच दिवशी घेतला, हेही तू हसत सांगितलंस. "हरवू नये म्हणून ठेवलाय म्हणे."

मग शुक्रवार बंद झाले. मालकाच्या भावाचंही घर तुझ्याकडे आलं. सकाळी एक घर, दुपारनंतर दुसरं. तू फोन करायचीस तो भांडी घासता घासता. मी तुझा चेहरा नाही, नळ बघायचे. एकदा तू विचारलंस, "मी निघू का इथून?"

मी काय म्हणाले, आठवतं? मी म्हणाले, "निघू नकोस. तुझ्याकडे करार नाही. मालकानं पळाली म्हणून तक्रार दिली तर तिथला कायदा तुलाच धरेल. मी इंटरनेटवर वाचलंय."

खोटं नव्हतं ते. तिथे कामाला आलेल्या माणसाचा मुक्काम मालकाच्या नावावर असतो. मालकाचं घर सोडलं, की त्या देशात पाय ठेवायलाही हक्काची जागा उरत नाही. सगळं बरोबर वाचलं होतं मी. तू म्हणालीस, "तू नेहमी बरोबरच वाचतेस." आणि फोन ठेवलास.

तीन आठवड्यांनी तू निघालीसच. मालकाच्या भावाच्या घरातल्या कुणीतरी तुझ्यावर गरम चहा फेकला होता, ते तू मला नंतर सांगितलंस. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालीस आणि रस्त्यात कुमारी भेटली. श्रीलंकेची बाई, तुझ्यासारखीच घर सोडून आलेली. तिनं तुला आपल्या खोलीत नेलं. पाच बायका, एक खोली. तासातासानं लोकांची घरं पुसायची आणि पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलायची. तरी तू म्हणालीस, आता निदान दार आतून लावता येतं.

मालकानं तक्रार दिली. आता तू तिथल्या कागदावर पळालेली होतीस आणि इथल्या कागदावर फिरायला गेलेली. मी तुला दूतावासाचा नंबर शोधून दिला. जा म्हटलं, तिथे आपली माणसं आहेत. तुला कुणीतरी सांगितलं होतं, की गेलीस तर पोलिसांत देतील. मी म्हटलं, असं काही नसतं. तू म्हणालीस, "तुला काय माहीत?" खरंच, मला काय माहीत होतं? खापरच्या पुढे अंकलेश्वरपर्यंत गेलेली मी.

छातीत दुखतंय असं तू दोनदा म्हणालीस. दवाखान्यात ओळखपत्र मागतात म्हणून गेली नाहीस. दुकानातून गोळी आणायचीस. मी म्हणायचे, ओवा खा, पित्त असेल. ओवा, जमना! मी तुला ओवा सांगितला.

शेवटचा फोन तुझा नव्हता, माझा होता. रोशनीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. आईची करू की मामाची, ते विचारायला मी केला. तुझा आवाज बारीक येत होता. तू म्हणालीस, मामाची घे. मी म्हणाले, बरं. मग तू म्हणालीस, "उषा, रोशनीचे दात पडले का पुढचे?"

"एक पडलाय, एक हलतोय."

"साल नीट लिहा तिचं."

मी म्हणाले, "ते लिहिलेलंच आहे." मला खरं तर वेगळंच बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं, मी चुकले. त्या दिवशी किल्ली लावायला नको होती. पण बाहेर पालक उभे होते, फॉर्मची शेवटची तारीख होती. मी म्हटलं, उद्या बोलू.

दोन दिवसांनी भर दुपारी कुमारीचा फोन आला. तिची हिंदी मोडकी. "दीदी, जमना गया. सुबह उठाया, उठा नहीं." मी तिला तीनदा तेच सांगायला लावलं. ती तीनदा रडली.

त्यानंतर मी जे केलं तेच मला येतं. कागद केले. तुझ्या भावाला, दिनेशला घेऊन नंदुरबारला कलेक्टर कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी दिल्लीला कळवलं, तिकडून मस्कतला कळवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाणी मागवलं, आम्हाला बसवलं आणि कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं. त्यांनी परवानगीचा नंबर विचारला. नाही. कराराची प्रत? नाही. विमा? नाही. मग त्यांनी चष्मा काढला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या नोंदीत ही बाई कामाला गेलेलीच नाही. फिरायला गेलेली आहे."

दिनेशनं माझ्याकडे बघितलं. त्याला तारखेचं माहीत होतं. तू त्याला सांगितलं होतंस. गाडीत बसल्यावर, खापर येईपर्यंत, तो एवढंच म्हणाला, "ती तुला कधी नावं ठेवायची नाही, उषाताई." त्यानं नावं ठेवली असती तर बरं झालं असतं.

एजंटचा फोन लागत नाही. शहाद्याला त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची म्हातारी आई बाप्पा बाप्पा करत दारात आली. "त्या घर नही शेतस. कथी गयात, माले ठाऊक नही," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी दूतावासातून एका मुलीचा फोन आला. मराठीत बोलली, शांतपणे. देह आणता येईल, म्हणाली, पण आधी तुझ्यावरची पळाल्याची तक्रार मिटवावी लागेल. त्यावर मालकाची सही हवी, आणि मालक सही द्यायला तयार नाही. ते प्रयत्न करतील, पण किती आठवडे लागतील, सांगता येत नाही. नाहीतर तिथेच अंत्यविधी करता येतो, त्यासाठी घरच्यांनी लेखी संमती द्यायची.

आम्ही तुझ्या आईसमोर बसलो. मी तिला सगळं समजावून सांगितलं, सही, तक्रार, आठवडे. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तोवर कुठे ठेवतात तिला?"

मी सांगितलं, दवाखान्यात, थंड पेटीत.

"तिला थंडी सोसत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून. चुलीपासून उठायची नाही. इतके दिवस थंडीत नका ठेवू तिला. तिथे जे करतात ते करू दे."

तुला तिकडे पुरणार होते. तुझ्या आईचं म्हणणं होतं, तुला अग्नी द्यावा. ते मी दूतावासातल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, विचारते. मग कळवलं, लगेच जमत नाही, लांब न्यावं लागेल, त्याला पुन्हा तोच कागद लागेल. आई म्हणाली, पुरा मग.

संमतीपत्र मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. 'आमची हरकत नाही,' असं लिहिलं. तुझ्या आईचा अंगठा घेतला. शाईचं पॅड मी शाळेतून नेलं होतं. तिच्या अंगठ्याला आमचुराच्या चिकाचे चरे आहेत, ठसा नीट उमटेना. दुसऱ्यांदा घ्यावा लागला. तिनं निमूटपणे पुन्हा हात पुढे केला.

परवा तुझ्या गावात तुझं केलं. देह नव्हता, म्हणून तुझ्या लुगड्याचा एक तुकडा घेतला. बायका तुझं नाव घेऊन रडल्या. कुणीतरी रडता रडता म्हणालं, आमची जमना समुद्राच्या पलीकडे गेली, वाट विसरली. तू वाट विसरली नव्हतीस. तू मला विचारली होतीस, नीट जायची वाट. ती दाखवायला एक ओळ लिहावी लागली असती, खोट्या तारखेच्या जागी दुसरी खोटी तारीख. त्या तारखेनं तू परवानगीनं गेली असतीस, करारानं गेली असतीस, आणि साहेबांच्या कॉम्प्युटरवर सापडली असतीस. तिथेही त्रास झाला असता कदाचित. पण छातीत दुखल्यावर दवाखान्यात जाता आलं असतं. मी हे वारंवार मांडून बघते. कुठूनही मांडलं तरी ते माझ्यापाशीच येऊन थांबतं.

रोशनीला सांगायचं राहिलं होतं. सगळे म्हणत होते, नको, लहान आहे. आज सकाळी मी तिला वर्गातून बोलावलं. शाळेच्या मागच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं. आई गेली. परत येणार नाही. तिकडेच तिला मातीत ठेवलंय.

ती रडली नाही. तिनं हाताचा पंजा पायरीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाली, "मावशी, तिला ठेवताना तिथे कोण होतं?"

कुणी नव्हतं, जमना. दूतावासाचा एक माणूस होता, ज्यानं तुला कधी पाहिलं नव्हतं, आणि खड्डा खणणारे दोघे. कुमारी येऊ शकली नाही. तिच्याकडेही कागद नाहीत. ती दूर रस्त्यावरून बघून परत गेली.

मी म्हणाले, "आईची मैत्रीण होती."

"जवळ होती?"

"जवळ होती. हात धरून होती."

"मग बरं," रोशनी म्हणाली. मधल्या सुट्टीची घंटा झाली. ती उठली, फ्रॉक झटकला आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.